डेंग्यूत मूत्रपिंड आणि स्नायू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेंग्यूचा विषाणू चार प्रकारचा असतो आणि तो एडिस इजिप्ती डासाच्या मादीमार्फत पसरतो. ही मादी दिवसा चावते आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. खानदेशात अशा पाण्याची कमी नाही. जळगावला वाघूर धरणातून आणि धुळ्याला तापी योजना, नकाणे तलाव व अक्कलपाडा धरण यांतून पाणी मिळते, पण नळाला ते रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी हौद, ड्रम आणि रांजण भरलेले असतात. ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात चालवलेल्या कूलरच्या टाकीतले पाणी पावसाळ्यातही तसेच राहते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत रुग्ण वाढतात.

बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. मात्र घरातली आणि दवाखान्यातली सारी चर्चा प्लेटलेटभोवती, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘पेशीं’भोवती फिरते. लघवी किती होते आणि हातापायांत ताकद आहे का, हे विचारायचे राहून जाते.

गैरसमज १: पेशी चांगल्या असल्या की धोका नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणात गंभीर डेंग्यूचे तीन निकष आहेत: रक्तद्रवाची तीव्र गळती, गंभीर रक्तस्राव आणि एखाद्या अवयवाची गंभीर हानी. यांत प्लेटलेटचा ठरावीक आकडा नाही. या आजारात सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. मूत्रपिंड बिघडण्याचे हे मोठे कारण आहे. स्नायूपेशी किंवा रक्तपेशी फुटणे, रोगप्रतिकारक यंत्रणेची प्रतिक्रिया आणि काही औषधे ही इतर कारणे. रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने किंवा आठवड्यात दीडपट वाढले, अथवा लघवी सहा तास दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असे मानतात. प्लेटलेट लाखाच्या वर असतानाही असे घडू शकते.

गैरसमज २: ताप उतरला म्हणजे आजार संपला.

ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. धोक्याचा काळ बहुधा तो उतरताना सुरू होतो आणि २४ ते ४८ तास चालतो, कारण रक्तद्रवाची गळती याच काळात सर्वाधिक असते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, विलक्षण सुस्ती, हातपाय गार पडणे किंवा चार ते सहा तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालय गाठणे आवश्यक असते. ताप नाही म्हणून रुग्णाला घरी आणणे किंवा शेतात कामाला पाठवणे याच टप्प्यावर महागात पडते.

गैरसमज ३: डेंग्यूत अंग दुखतेच, स्नायूंना खरी इजा होत नाही.

अंग मोडून येणे हे डेंग्यूचे नेहमीचे लक्षण आहे आणि ते बहुतेकांत आपोआप ओसरते. काही रुग्णांत मात्र स्नायूंना सूज येते. लहान मुलांच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की ती टाचा उचलून चालतात किंवा चालायचे नाकारतात. हा प्रकार सहसा काही दिवसांत बरा होतो. क्वचित मोठ्या प्रमाणावर स्नायूपेशी फुटतात. त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येते आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना इजा करते. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. पट्टीच्या चाचणीत रक्त दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळपास आढळत नाहीत. अशा वेळी सीपीके ही रक्ततपासणी उपयोगी पडते. सामान्यतः दोनशेच्या आसपास संपणारी तिची पातळी हजारांत जाते. एसजीओटी हे विकर यकृतात तसेच स्नायूंतही असते. त्यामुळे ते वाढले की कावीळच झाली, हा निष्कर्षही घाईचा ठरतो.

गैरसमज ४: पाय उचलेनासे झाले तर तो तापातला अशक्तपणा किंवा लकवा असतो.

डेंग्यूत रक्तातील पोटॅशियम घटून हातापायांची ताकद अचानक जाऊ शकते. भारतातून असे रुग्ण अनेकदा नोंदले गेले आहेत. पोटॅशियमची सामान्य पातळी ३.५ ते ५ असते. ती फार खाली गेली की रुग्णाला उठून बसणेही जमत नाही, मात्र शुद्ध आणि स्पर्शाची जाणीव शाबूत राहते. निदान वेळेत झाले तर पोटॅशियम देऊन ताकद बहुधा एक-दोन दिवसांत परत येते. उलट स्नायू फुटले असतील किंवा मूत्रपिंड थांबले असेल, तर पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा अशक्तपणात तपासणीशिवाय उपचार करणे म्हणूनच धोक्याचे. गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकारही डेंग्यूनंतर क्वचित होतो.

गैरसमज ५: दुखण्याचे इंजेक्शन घेतले की लवकर आराम पडतो.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक आम्ल ही औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ॲस्पिरिनही टाळले जाते. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने तेथे रक्त साकळू शकते, शिवाय सीपीके वाढल्याने निदानात गोंधळ होतो. तापासाठी आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. प्रौढांत तेही २४ तासांत ४ ग्रॅमच्या आत.

गैरसमज ६: सलाईन आणि नारळपाणी जितके जास्त तितके बरे.

उलट्या नसतील तर पेज, ताक आणि ओआरएस तोंडाने देणेच योग्य. धोक्याच्या काळात शिरेतून द्रव द्यावा लागतो, पण तो लघवीचे प्रमाण, नाडी, रक्तदाब आणि हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झाले हे दाखवणारी तपासणी) पाहून मोजूनच दिला जातो. गळती थांबल्यावर बाहेर गेलेला द्रव रक्तात परततो. तेव्हाही सलाईन चालू राहिले आणि मूत्रपिंड मंदावलेले असेल, तर फुप्फुसांत पाणी साचते. नारळपाण्यात आणि किवीत पोटॅशियम भरपूर असते. लघवी कमी झालेल्या रुग्णाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट वाढल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले, पण त्याने मूत्रपिंडाची हानी टळते याला पुरावा नाही. शेळीच्या दुधाबाबतही तसा पुरावा नाही.

गैरसमज ७: डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली की आणखी तपासणी नको.

एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत आणि आयजीएम त्यानंतर उपयोगी पडते. सरकारी निगराणी केंद्रांतील आयजीएम एलायझा चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते. पण ताप आणि गडद लघवी फाल्सिपेरम मलेरियातही आढळते. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांतही मूत्रपिंड बिघडते. शिरपूर, चोपडा किंवा यावल तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या रुग्णात मलेरियाची तपासणी वगळून चालत नाही. दोन आजार एकत्रही असू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत.

गैरसमज ८: मूत्रपिंड बिघडले की जन्मभर डायलिसिस.

डेंग्यूतली इजा बहुतेकदा तात्पुरती असते. रक्तदाब सावरला, घातक औषधे थांबली आणि द्रवाचा तोल राखला गेला, की अनेकांचे क्रिएटिनिन दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. डायलिसिस थोड्याच रुग्णांना लागते आणि तेही सहसा काही काळापुरते. मात्र अशा रुग्णांत मृत्यूचा धोका जास्त असल्याने उशीर परवडत नाही. धुळ्यातील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही जिल्ह्यांतली मोठी सरकारी रुग्णालये आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा आधीपासून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी लवकर दाखल होणे हिताचे. बरे झाल्यावर क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी पुन्हा करावी. सीपीके वाढलेले असेल, तर ते उतरेपर्यंत जड कष्ट टाळावेत.