गावाचा बंब
अणुभट्टीच्या आतबाहेर : भाग 9

मागच्या भागात आपण तारापूरच्या टर्बाइनपाशी थांबलो होतो. अणुभट्टीतल्या उष्णतेचे तीन वाटे केले तर जेमतेम एका वाट्याची वीज होते आणि बाकीचे दोन समुद्राला जातात, हे तिथे जाता जाता सांगितलं होतं. आपल्याकडे त्याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. पालघरच्या किनाऱ्यावर डिसेंबरातही गोधडीवर भागतं. पण जिथे वर्षातले सहा महिने थंडीशी झगडण्यात जातात, तिथल्या इंजिनिअरला हे बघवत नाही.

समुद्रात जाणारं ते पाणी मात्र नुसतं कोमट असतं. त्याने घरं तापत नाहीत. त्यासाठी शंभर अंशांच्या आसपासचं पाणी नळांतून शहरभर खेळवावं लागतं. ते हवं असेल तर टर्बाइनमध्ये निम्मी वाट चाललेली वाफ मधूनच काढून घ्यायची आणि तेवढ्या विजेवर पाणी सोडायचं. चीनच्या शानतोंग प्रांतात हायांगला हेच करतात. तिथल्या वीजकेंद्राने 2019 च्या नोव्हेंबरात सात लाख चौरस मीटर जागा तापवायला सुरुवात केली. 2021 च्या हिवाळ्यात दोन लाख वस्तीचं अख्खं शहर त्यावर आलं, आणि 2023 मध्ये 23 किलोमीटरची नळवाहिनी टाकून शेजारचं रुशानही.

दुसरी वाट अशी, की वीज करायचीच नाही. टर्बाइन नको, जनित्र नको. अणूच्या विस्तवावर पाणी तापवायचं आणि गावाला द्यायचं.

थोडक्यात, गावाचा बंब. ज्यांनी लहानपणी तांब्याच्या बंबात ढलप्या सारल्या आहेत त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खाली येतं, ढवळायला कुणी लागत नाही. सोव्हिएत इंजिनिअरांनी आखलेली एएसटी-500 ही भट्टी नेमकी याच चालीवर चालायची होती. 500 मेगावॉट उष्णता, आणि गाभ्यातून पाणी फिरवायला एकही पंप नाही. वीज करणाऱ्या नेहमीच्या दाबाच्या भट्टीत पाणी 155 बार दाबाखाली कोंडलेलं असतं. इथे दाब 20 बारच्या आसपास. शिवाय मुख्य भांड्याभोवती दुसरं भांडं. आतलं फुटलंच तर पाणी त्या दुसऱ्यात अडायचं आणि इंधन बुडालेलंच राहायचं.

मला सगळ्यात आवडतो तो नळांचा हिशेब. भट्टीचं पाणी आणि शहराचं पाणी यांच्यामध्ये तिसरं, वेगळं पाणी फिरतं, आणि त्याचा दाब मुद्दाम शहराच्या पाण्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. मधल्या नळीला भोक पडलं तर शहराचं पाणी आत शिरेल, आतलं बाहेर येणार नाही. एखादी साधी गोष्ट इतक्या नीट वापरलेली फार थोड्या यंत्रांत दिसते.

एवढी काळजी का? कारण कोयनेची वीज तारेवरून मुंबईला जाते, पण गरम पाणी तसं लांब जात नाही. नळवाहिनी महाग, वाटेत ते निवणार, पंपांचा खर्च वेगळा. बंब न्हाणीघरापाशीच हवा. म्हणजे भट्टी शहराच्या वेशीवर आली, आणि वेशीवर यायचं तर ती इतर भट्ट्यांपेक्षा कितीतरी सोज्वळ असायला हवी.

अशा भट्ट्यांची बांधकामं गोर्की (आजचं निझ्नी नोवगोरोद) आणि वोरोनेझ इथे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. दोन्हीकडे दोन-दोन भट्ट्या होणार होत्या. मग 1986 च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं. त्यानंतर दाबाचा हिशेब ऐकून घ्यायला कोण थांबतो? गोर्कीत लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यात एक तरुण पदार्थवैज्ञानिक होता, बोरिस नेमत्सोव. पुढे तो त्याच प्रांताचा गव्हर्नर आणि नंतर रशियाचा उपपंतप्रधान झाला. 2015 मध्ये क्रेमलिनजवळच्या पुलावर त्याची हत्या झाली. त्याचं राजकारण सुरू झालं ते या बंबाच्या विरोधातून. वोरोनेझमध्ये 1990 च्या मे महिन्यात सार्वमत झालं आणि शहराने प्रचंड बहुमताने नकार दिला. दोन्ही बांधकामं अर्धवट राहिली.

आता त्याच देशातली दुसरी गोष्ट. सायबेरियात सेवेर्स्क आणि झेलेज्नोगोर्स्क ही दोन बंद शहरं होती. नकाशावर नाव नाही, परवान्याशिवाय प्रवेश नाही. तिथल्या भट्ट्या अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम करत आणि जोडीला शहराची घरं तापवत. सेवेर्स्कची उष्णता शेजारच्या तोम्स्कलाही जाई. त्या चेर्नोबिलच्याच ग्रॅफाइट घराण्यातल्या. त्यांना वेशीवर आणताना सार्वमत कुणी घेतलं नव्हतं. शीतयुद्ध संपलं, प्लुटोनियम कुणालाच नकोसं झालं, 1997 मध्ये अमेरिका-रशियाचा ते थांबवण्याचा करारही झाला. पण भट्टी विझवायची तर सायबेरियाच्या हिवाळ्यात लोकांनी करायचं काय? म्हणून गरम पाण्यासाठी तीन भट्ट्या चालूच राहिल्या, आणि वर्षाला टनभराहून अधिक नको असलेलं प्लुटोनियम साठत गेलं. शेवटी अमेरिकेने पैसे घालून तिथे कोळशाची केंद्रं उभी केली, जुनी दुरुस्त केली, तेव्हा कुठे सेवेर्स्कच्या दोन भट्ट्या 2008 मध्ये आणि झेलेज्नोगोर्स्कची 2010 मध्ये विझली.

लोकांना विचारलं तिथे शहाणी भट्टी पडली. जिथे विचारलंच नाही तिथे दांडगी भट्टी दशकानुदशकं चालली. गोर्कीच्या लोकांना मूर्ख ठरवण्याचा मोह इथे होतो, तो आवरावा. ज्या सरकारने चेर्नोबिल दडपून पाहिलं, त्याच सरकारच्या नळांवर आणि आकड्यांवर विश्वास ठेवा, असं त्यांना सांगितलं जात होतं.

सध्या हा प्रश्न पुन्हा निघाला आहे तो फिनलंडमध्ये. हेलसिंकीत उष्णतेच्या नळांचं जाळं आधीच हजारावर किलोमीटर पसरलेलं आहे आणि बहुतेक इमारती त्यावरच तापतात. आजवर त्यामागे मुख्यतः कोळसा आणि गॅस होता; शहराचं शेवटचं कोळसाकेंद्र, साल्मिसारीचं, 2025 च्या वसंतात बंद झालं. तिथल्या स्टेडी एनर्जी नावाच्या कंपनीने एलडीआर-50 ही भट्टी आखली आहे : 50 मेगावॉट, पाणी 150 अंशांपर्यंत, दाब दहा बारच्या आत, म्हणजे कॉफीच्या एस्प्रेसो यंत्राच्या जवळपास. खर्चाचं गणित सोपं नाही. महागडा बंब उन्हाळ्यात फक्त अंघोळीपुरता लागतो आणि भांडवलावरचं व्याज मात्र बारा महिने चालू राहतं.

या भट्टीची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारण्यासाठी कंपनीने जागा निवडली ती त्याच बंद पडलेल्या साल्मिसारीत, हेलसिंकीच्या मध्यवस्तीला लागून. पाणी आपोआप फिरतं का, ते त्यात तपासायचं. युरेनियम त्यात घालायचं नाही. पाणी तापवायला विजेचे हीटर.