परदेशातील नोकरी आणि वकिलाची मासिक वर्गणी

दिवाळीच्या सुमारास आपल्या पेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते. साधारण त्याच दिवसांत अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींसमोरही एक प्रकारची नवी वही उघडलेली असते. तेथील बहुतेक मोठ्या कंपन्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कर्मचाऱ्यांना पुढील वर्षाच्या सुविधा निवडण्यास सांगतात. या मुदतीला ‘ओपन एन्रोलमेंट’ म्हणतात. आरोग्यविमा, दातांचा व डोळ्यांचा विमा, आयुर्विमा अशा यादीच्या तळाशी बऱ्याचदा ‘लीगल प्लॅन’ ही एक ओळ असते. पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापून घेऊन वर्षभर वकिलाची सेवा देणारी ही योजना घ्यावी की सोडून द्यावी, हा प्रश्न मग दूरध्वनीवरून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत येतो. उत्तर देण्यापूर्वी योजनेचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरेल.

योजना नेमकी काय आहे?

वकिलाच्या खर्चाची आगाऊ तरतूद ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतील ‘अराग’ ही कंपनी 1935 मध्ये याच उद्देशाने स्थापन झाली. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात 1972 मध्ये सुरू झालेली ‘प्री-पेड लीगल’ ही कंपनी आज ‘लीगलशील्ड’ या नावाने ओळखली जाते. ‘मेटलाइफ’सारख्या विमा कंपन्याही मालकांमार्फत अशा योजना देतात.

योजनेच्या यादीतील वकिलाकडे गेल्यास, समाविष्ट कामांसाठी सहसा वेगळी फी द्यावी लागत नाही. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, राहत्या घराची खरेदी-विक्री, घरमालकाशी तंटा, वाहतुकीचा दंड, करारनाम्याची तपासणी ही कामे बहुधा समाविष्ट असतात. मालकाशी असलेला वाद, स्वतःच्या धंद्याचे काम आणि योजना सुरू होण्यापूर्वी उद्भवलेले प्रकरण ही सर्वसाधारणपणे वगळलेली असतात. आपल्या घरांतील तरुण नोकरीबरोबर एखादा जोडव्यवसाय करतात किंवा भाड्याने देण्यासाठी दुसरे घर घेतात. त्यांनी वगळलेल्या कामांची यादी आधी वाचावी. घटस्फोटासारख्या प्रकरणांत ठरावीक तासांचीच मर्यादा असते, हेही लक्षात ठेवावे.

हिशेब कसा मांडावा?

आरोग्यविमा अनपेक्षित संकटासाठी असतो. लीगल प्लॅनचे तसे नाही. त्याचा मोठा भाग आधीपासून ठाऊक असलेल्या कामांसाठी वापरला जातो. म्हणून त्याकडे विम्याच्या नजरेने न पाहता घाऊक खरेदीच्या नजरेने पाहावे. येत्या बारा महिन्यांत खप होणार असेल तरच माल भरावा.

समजा, महिन्याची वर्गणी 20 डॉलर आहे. वर्षाचे 240 डॉलर झाले. ही रक्कम करकपातीनंतरच्या पगारातून जाते. अशा योजनांना पूर्वी असलेली करसवलत 1992 मध्ये संपुष्टात आली. आता कागदाच्या डाव्या बाजूस 240 लिहावे आणि उजव्या बाजूस पुढील वर्षी निश्चित करावयाची कामे लिहावीत. पतिपत्नींची मृत्युपत्रे, घरखरेदी, मुखत्यारपत्र असे जे असेल ते. त्या प्रत्येक कामाची फी राहत्या गावातील दोन वकिलांना विचारून घ्यावी. तेथे वकील तासाला शेकडो डॉलर आकारतात. त्यामुळे उजव्या बाजूस एखादे भरीव काम असले तरी योजना फायद्याची ठरते. उजवी बाजू कोरी असेल आणि केवळ ‘असू द्यावी’ या भावनेने वर्गणी चालू राहिली, तर पाच वर्षांत 1,200 डॉलर खर्ची पडतात आणि हाती काही लागत नाही.

हिशेब करताना आधीच उपलब्ध असलेल्या सोयीही वजा कराव्यात. मोटारीच्या किंवा घराच्या विम्यात, विम्याखाली येणाऱ्या दाव्यात बचावासाठी वकील देण्याची जबाबदारी सहसा विमा कंपनीचीच असते. अनेक कंपन्यांच्या कर्मचारी साहाय्य योजनेत वकिलाशी अर्ध्या तासाचा मोफत सल्ला मिळतो. किरकोळ रकमेच्या तंट्यांसाठी ‘स्मॉल क्लेम्स’ न्यायालय असते आणि तेथे वकिलावाचून स्वतः उभे राहता येते. अपघातातील भरपाईचे दावे तर वकील बहुधा मिळालेल्या रकमेतील वाट्यावर चालवतात.

सर्वांत महत्त्वाचे काम

ज्या दांपत्याला लहान मुले आहेत, त्याच्या बाबतीत मात्र डॉलरचा हिशेब दुय्यम ठरतो. आईवडील दोघेही एकाच अपघातात गेले आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलांचा पालक कोण, हे तेथील न्यायालय ठरवते. आजी-आजोबा पुण्यात किंवा सांगलीत, काका-आत्या वेगवेगळ्या खंडांत, आणि मुले जन्माने अमेरिकन नागरिक. अशा वेळी आईवडिलांची लेखी इच्छा न्यायालयासमोर नसेल, तर मुले कोणत्या घरी, कोणत्या संस्कारांत वाढतील हे त्यांना न ओळखणाऱ्या व्यक्तीच्या निर्णयावर राहते. मृत्युपत्रात पालकाचे नाव सुचवलेले असल्यास अंतिम अधिकार न्यायालयाचाच असला, तरी त्या नावाला मोठे वजन मिळते.

येथे एक व्यावहारिक बाब ध्यानात घ्यावी. भारतातील आजी-आजोबांना व्हिसा मिळून पोहोचेपर्यंत काळ जातो. म्हणून कायमच्या पालकाबरोबरच त्याच गावात राहणारा, तत्काळ मुलांना सांभाळू शकेल असा एक विश्वासू स्नेही तात्पुरता पालक म्हणून कागदोपत्री नेमावा. हे काम योजनेतील वकिलाकडून करून घेता येते. योजना घेतली नाही तरी पदरचे पैसे घालून ते करावेच.

भारतातील मालमत्तेचे काय?

अमेरिकेतील योजनेचा वकील भारतीय कायद्यावर सल्ला देत नाही. गावाकडील घर, दुकानाचा गाळा, शेतजमीन यांचा वारसा भारतीय कायद्यानेच ठरतो. जैन कुटुंबांना हिंदू वारसा अधिनियम, 1956 लागू आहे. मृत्युपत्रास दोन साक्षीदार हवेत, हा नियम भारतीय वारसा अधिनियम, 1925 मध्ये आहे. म्हणून येथील मालमत्तेसाठी येथील वकिलाकडून वेगळे मृत्युपत्र करणे सोयीचे. अशी दोन मृत्युपत्रे असताना एक मोठा धोका संभवतो. ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ असे वाक्य मसुद्यात सहज येते. नंतर केलेल्या अमेरिकन मृत्युपत्रात ते तसेच राहिले, तर भारतातील मृत्युपत्र अडचणीत येऊ शकते. कोणते मृत्युपत्र कोणत्या देशातील मालमत्तेपुरते आहे, हे दोन्हीकडे स्पष्ट लिहावे.

भावाच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र तिकडून पाठवायचे असल्यास मसुदा भारतातील वकिलाचा असावा. तिकडे त्यावर नोटरी व अपॉस्टिल, अथवा भारतीय वकिलातीचे साक्षांकन घ्यावे. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

निर्णय आणि नंतरची शिस्त

थोडक्यात सांगायचे तर ज्या वर्षी ठोस काम आहे, त्या वर्षी योजना घ्यावी. जानेवारीतच वकिलाला भेटून कामाला आरंभ करावा, कारण पैसे वर्षभर भरून डिसेंबरपर्यंत एकही दूरध्वनी न करणारे सभासद पुष्कळ असतात. नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या गावात योजनेचे किती वकील आहेत आणि ते नवे काम स्वीकारतात का, याची चौकशी करावी. वकिलाची सनद चालू आहे की नाही, हे त्या राज्याच्या बार संस्थेच्या नोंदींत पाहता येते. कामे पूर्ण झाली की पुढील दिवाळीच्या सुमारास ती ओळ पुन्हा वाचावी आणि गरज नसल्यास वर्गणी थांबवावी.

घरच्या वडीलधाऱ्यांनीही ‘घे’ किंवा ‘नको’ एवढ्यावर संभाषण संपवू नये. मृत्युपत्र झाले आहे का, मुलांच्या पालकाचे नाव लिहिले आहे का, आणि ते कागद कोठे ठेवले आहेत, हे तीन प्रश्न त्याच दूरध्वनीत विचारून घ्यावेत.