संकेतस्थळाच्या नोंदवह्या व त्यांचा फेरपालट

आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांच्या पेढ्यांची संकेतस्थळे हल्ली चालू आहेत. ज्या संगणकावर असे स्थळ ठेवलेले असते त्यास सर्व्हर म्हणतात. आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद तो वेळेसह एका फाइलीत करतो. तिला लॉग म्हणतात. ही त्याची कीर्दच होय. ती कधी मिटविलीच नाही, तर डिस्क भरते आणि ग्राहकाची नवी मागणी लिहून घेण्यासही जागा उरत नाही.

यास्तव लिनक्स प्रणालीत ‘लॉगरोटेट’ नावाचे साधन असते. ठरलेल्या मुदतीने ते जुन्या फाइलीचे नाव बदलते, नवी फाइल मांडते आणि ठरावीक संख्येपलीकडील फाइली काढून टाकते.

इतके होऊनही कित्येकदा जागा मोकळी होत नाही. याचे कारण असे की, लिहिणारा प्रोग्राम एकदा उघडलेली फाइल धरूनच ठेवतो; तिचे नाव बदलले तरी त्यास त्याची वार्ता नसते. दिवाळीस नवी वही पुजली, परंतु मुनिमाच्या हातातील जुनी काढून घेतली नाही, तर तो जुन्या वहीतच लिहीत राहणार! धरलेली फाइल पुसून टाकली तरी तिची जागा सुटत नाही. ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरलेली दाखवीत असेल आणि ‘डीयू’ने केलेली फाइलींची बेरीज पुष्कळ कमी येत असेल, तर बहुधा हाच दोष समजावा. पुसलेली फाइल कोणी धरली आहे, हे ‘एलएसओएफ’ सांगते. फेरपालटानंतर फाइली पुन्हा उघडण्याची सूचना अपाची अथवा एन्जिनएक्स यांस ‘पोस्टरोटेट’ या भागातून देणे, हा त्यावरील उपाय होय.

फेरपालट मुळीच होत नसेल, तर लॉगच्या फोल्डरची परवानगी पाहावी. ते कोणासही लिहिण्यास मोकळे असल्यास लॉगरोटेट सुरक्षेस्तव काम नाकारते. त्यास ‘डी’ हा पर्याय देऊन चालविल्यास काहीही न बदलता तो काय करणार होता, ते कळते.

जागेच्या चिंतेने जुन्या नोंदी सरसकट पुसणे मात्र धोक्याचे आहे. फसवणूक किंवा घुसखोरी झाल्यास पुरावा त्यांतच सापडतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांत सेवादाते, डेटा सेंटर व कंपन्या यांनी 180 दिवसांचे लॉग राखावेत, असे सांगितले आहे. पुष्कळ सर्व्हरांच्या मूळ मांडणीत आठवड्यास एक याप्रमाणे केवळ 4 जुन्या फाइली, म्हणजे 28 दिवसांच्याच नोंदी राहतात. हा आकडा 26 केल्यास 182 दिवस भरतात. फाइली दाबून ठेवल्या असता त्यांस जागाही थोडीच लागते.

तात्पर्य, आपला सर्व्हर सांभाळणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: फेरपालट शेवटी केव्हा झाला? नवीन नोंद नव्या फाइलीतच पडते काय? आणि सर्वांत जुनी नोंद किती दिवसांची आहे? या तिन्हींची उत्तरे प्रत्यक्ष फाइली पाहून घ्यावीत. केवळ तोंडी भरवशावर राहू नये.