रेझिस्टर बदलताय? नुसते रंग जुळवू नका!

कोकणातल्या कितीतरी घरांत माळ्यावर अजून एखादा मर्फी किंवा बुशचा रेडिओ सापडतो. ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला मर्फी म्हणजे एकेकाळी घराची शान! काटा ११४३ किलोहर्ट्झवर नेला की रत्नागिरी आकाशवाणी लागायची. आता तो नुसता घरघरतो, नाहीतर मुकाच. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना उघडून बघायचा मोह होतोच. आत जळका रेझिस्टर दिसतो. दुकानात जायचं, 'असाच रेझिस्टन्स द्या' म्हणायचं, सोल्डर केलं की झालं? इतकं सोपं असतं तर!

जुन्या सेटमधले बरेच रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचे असतात. उष्णता आणि दमट हवेमुळे त्यांचा रोध वर्षानुवर्षं वाढत जातो. आणि दमटपणा आपल्याकडे काय कमी आहे? त्यामुळे न जळलेलेही मोजा. लाल-लाल-पिवळा म्हणजे २२० किलोओहम. शेवटचा पट्टा चंदेरी असेल तर १० टक्के फरक चालतो, म्हणजे १९८ ते २४२. मीटर ३१० दाखवत असेल तर त्याला निरोप द्या. मोजताना सेट बंद हवा आणि रेझिस्टरचा एक पाय सुटा, नाहीतर शेजारच्या पार्टमुळे आकडा चुकतो.

आता नवा घेताना काय बघायचं?

वॅट : जुन्याइतका किंवा जास्त. १०० ओहममधून ०.१ अँपिअर गेला तर १ वॅट उष्णता होते. तिथे २ वॅटचा लावा.

व्होल्ट : हे सगळे विसरतात. पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरची मर्यादा साधारण २५० व्होल्ट असते. व्हॉल्व्ह सेटमध्ये तेवढं व्होल्टेज सहज असतं. तिथे मोठा घ्या.

प्रकार : मेटल फिल्म अचूक असतो, आवाजातली खरखरही कमी करतो. वायरवाउंड पॉवर सप्लायमध्ये ठीक. रेडिओ सिग्नलच्या वाटेत नको, कारण तो कॉइलसारखा वागतो. फ्युझिबल असेल तर फ्युझिबलच लावा. बिघाड झाला की उडून आग टाळणं हेच त्याचं काम.

आकडा : जुना ५० किलोओहम आज सहसा मिळत नाही. ४७ बहुतेक ठिकाणी चालतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तो जळला का? रेझिस्टर सहसा आपणहून जळत नाही. बऱ्याचदा खरा गुन्हेगार लीक झालेला कपॅसिटर असतो. तो तसाच ठेवला तर नवा रेझिस्टरही जळणार.

आणि हो, जिवाशी खेळ नको. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. काही एसी-डीसी सेटची चासी थेट मेनला जोडलेली असते. पहिला रेडिओ एखाद्या जुन्या मेकॅनिक काकांच्या शेजारी बसूनच उघडा. पुस्तकात नसलेलं बरंच काही तिथे शिकायला मिळेल!