एका वैद्याचें बेट

बेट म्हणजे चोहोंकडून पाण्यानें वेढलेली भूमि, ही व्याख्या आमच्या वाशीमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असते. परंतु अशा भूमीचा कोणी खासगी धनी असूं शकतो, हें कित्येकांस खरें वाटणार नाहीं. ज्या मुंबईचें नांव घरोघरीं ठाऊक आहे, ती एके काळीं अशीच एका वैद्याकडे होती. तिची हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं मुंबई हें एक शहर नसून सात बेटांचा समूह होता : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीखालीं जो अग्निजन्य खडक आहे, त्याच जातीच्या खडकाच्या तेथील टेकड्या. पाऊस मात्र वाशीमच्या दुपटीहून अधिक. भरती आली कीं मधल्या सखल भागांत समुद्र शिरे आणि ओहोटीनंतर नुसता चिखल उरे. येथें कोळी लोक मासेमारी करून राहत. मुंबई हें नांवहि त्यांच्याच मुंबादेवीवरून पडलें.

सन १५३४ त गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसईच्या तहान्वयें हा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. पुढें त्यांच्या राजानें मुंबईचें बेट गार्सिया द ओर्ता या वैद्यास वार्षिक खंडानें दिलें. हा विद्वान गोव्यास राही. हिंदुस्थानांतील औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ त गोव्यांत छापला गेला. आपल्या या बेटावरील एका आंब्यास वर्षांतून दोनदां फळें येतात, असें त्यानें त्यांत मोठ्या कौतुकानें लिहिलें आहे.

१६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस यास आंदण मिळाली. १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं बेटाचा ताबा इंग्रजांस देण्यांत आला, तो तत्कालीन मालकीण दोन्या इग्नेज द मिरांदा या विधवेच्या वाड्यांत. राजास बेटाचा खर्च परवडेना, म्हणून १६६८ त त्यानें तें वार्षिक अवघ्या १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. बेटाच्या पूर्वेस पाणी खोल असून नैर्ऋत्येच्या वादळी वाऱ्यापासून तेथें गलबतांस आसरा मिळे. त्या बंदराचें मोल कंपनीनें जाणलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळची खिंड बांध घालून बंद झाली. १८३८ त कुलाब्याचा व १८४५ त माहीमचा पूलरस्ता झाला. भरावानें खाड्या बुजल्या आणि सात बेटें एक झालीं.

ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस खंड व मालकी यांतील भेद सांगावयास नको. सुलतान, राजा, वैद्य, विधवा, कंपनी असे या भूमीचे धनी बदलत गेले. परंतु तिच्या किनाऱ्यावर जाळीं टाकणाऱ्या कोळ्यांचें मत कोणीं विचारलें नाहीं. ते सर्व धनी आज गेले आहेत. वरळी व माहीम येथील कोळीवाडे मात्र अद्यापि उभे आहेत. नकाशांत मुंबई शोधतांना विद्यार्थ्यांनीं त्यांचेंहि स्मरण ठेवावें.