काचेतला समुद्र – भाग ६ : पीएच उतरला, आता बाटली बाजूला ठेवा

या लेखमालेत आतापर्यंत आपण टाकी उभी केली, दगड आणि वाळू बसवली आणि मागच्या आठवड्यात जिवाणूंच्या साखळीतून अमोनियाचं नायट्राइट व नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं ते पाहिलं. टाकी आता चालू आहे, मासे खातायत, मऊ प्रवाळ उघडतायत, आणि एका सकाळी टेस्ट किट पीएच ७.८ दाखवतं. पुस्तकात तर ८.१ ते ८.४ लिहिलेलं असतं. यानंतर माणूस जे करतो त्यावर छोट्या टाकीचं पुढचं आयुष्य बरंचसं ठरतं. दुकानात पीएच वाढवणारी बाटली मिळते, स्वयंपाकघरात खायचा सोडा असतो, आणि दोन्हींपैकी काहीतरी पाण्यात पडतं. या भागात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. समुद्री पाण्याचं गणित बिघडलेलं दिसलं, तर आकडा सुधारायला धावू नये. तो तिथे कशामुळे आला हे आधी शोधावं, आणि हा शोध ठरलेल्या क्रमाने घ्यावा. आधी मोजण्याचं साधन, मग खारेपणा, मग अल्कलिनिटी, मग घरातली हवा. बाटलीचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

खारेपणा इतका आधी का, याचं उत्तर दीडशे वर्षं जुनं आहे. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडला : पाणी कमी खारं असो की जास्त, त्यातल्या प्रमुख क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच असतं. टाकीवाल्यासाठी याचा अर्थ फार मोलाचा आहे. लिटरमागे ३५ ग्रॅम खारेपणाच्या समुद्रात कॅल्शियम सुमारे ४१२ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १२९० मिलिग्रॅम असतं. तेच पाणी ३१ पर्यंत पातळ झालं, तर कॅल्शियम आपोआप ३६५वर येतं आणि मॅग्नेशियम ११४०च्या आसपास. त्या पाण्यात कॅल्शियम ‘कमी’ नाही. मीठच कमी आहे. खारेपणा न मोजता कॅल्शियमची पूड टाकणारा माणूस एका बिघाडाचे दोन करतो.

कोल्हापुरात हा धोका ऋतूप्रमाणे कूस बदलतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस आटतो तेव्हा पाणी उडून जातं आणि गोडी मागे राहते. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली ठेवलेल्या टाकीचंही तसंच होतं, मागे राहतं ते मीठ. दोन फुटी टाकीत दगड-वाळू वजा जाता साठेक लिटर पाणी असतं. त्यातून रोज दीड लिटर उडालं आणि तीन दिवस कुणी भर घातली नाही, तर ३५चा खारेपणा ३७.८ होतो, ४२०चं कॅल्शियम ४५४ होतं आणि अल्कलिनिटीही त्याच पटीत वाढते. टेस्ट किट खरंच बोलतंय, पण त्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो. उडालेल्या पाण्याची भर म्हणूनच नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने आणि शक्यतो रोज घालावी. उलट बाजूने, फेसावाटे घाण काढणारा स्किमर खारं पाणीही बाहेर फेकतो आणि त्या जागी गोडं पाणी पडत राहिलं, तर महिन्या-दोन महिन्यांत टाकी हळूहळू पातळ होते. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५च्या प्रमाणित द्रावणावर तो पडताळावा लागतो, कारण शून्यावर बरोबर असलेलं साधन पस्तिशीला चुकू शकतं. काट्याच्या हायड्रोमीटरवर हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी वाचन बदलतं.

खारेपणा ठीक निघाला की अल्कलिनिटी. पाण्यातले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट आम्लाला किती तोंड देऊ शकतात, त्याचं हे माप. छंदवाले ते डीकेएचमध्ये मोजतात. समुद्रात ते साधारण साडेसहा असतं, टाकीत ७ ते ९ ठेवतात. पीएच आणि अल्कलिनिटी यांची गल्लत हेच छोट्या टाकीच्या दुखण्याचं मूळ. खायच्या सोड्याचा हिशेब मांडला की हे स्वच्छ दिसतं. साठ लिटर पाण्याची अल्कलिनिटी एका डीकेएचने वाढवायला सुमारे १.८ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. चहाचा सपाट चमचा पाचेक ग्रॅमचा भरतो, म्हणजे एकाच चमच्यात अल्कलिनिटी अडीच-पावणेतीनने उडी मारते. पीएच मात्र त्या क्षणी वाढत नाही. खायचा सोडा तो आधी किंचित खालीच आणतो. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक चमचा पडतो. दोन दिवसांत अल्कलिनिटी ८वरून १३वर गेलेली असते. अशा पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेल्या रूपात टिकेनासं होतं. आधी हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरी खर बसते, मग पाणीच दुधाळ होतं. ही खर बसताना एका डीकेएचमागे साधारण ७ मिलिग्रॅम कॅल्शियम लिटरमागे बाहेर पडतं. १३ची अल्कलिनिटी ९वर आली, म्हणजे २८ मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं. आता कॅल्शियम कमी दिसतं, म्हणून कॅल्शियम क्लोराइड येतं, आणि चक्र सुरू होतं. सुरुवातीला या टाकीत कसलीही कमतरता नव्हती. होता तो फक्त सकाळी सातला घेतलेला एक आकडा.

आणि सकाळी सातचा आकडा कमीच येणार. दिवसा प्रकाशात शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि पीएच चढतो. रात्री सगळे जीव फक्त श्वास घेतात आणि तो उतरतो. एकाच दिवसात ७.९ ते ८.३ असा हेलकावा निरोगी टाकीतही असतो, म्हणून मोजणी रोज एकाच वेळी हवी. त्यात कोल्हापूरचा पाऊस. जून-जुलैत झड लागली की खिडक्या बंद होतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ४२०च्या आसपास असतो. दार-खिडक्या लावून माणसं झोपलेल्या खोलीत तो सहज हजारावर जातो. अल्कलिनिटी तीच राहून हवेतला हा वायू दुप्पट झाला, तर पाण्याचा पीएच ०.२५ ते ०.३ने उतरतो. म्हणजे मे महिन्यात ८.२ असलेली टाकी जुलैत ७.९ दाखवते, आणि पाण्यात चुकीचं काहीच झालेलं नसतं.

हे कळण्यासाठी एक चाचणी आहे, तिला पैसे लागत नाहीत. टाकीतलं पेलाभर पाणी घ्या, त्याचा पीएच मोजा. मग पेला गॅलरीत किंवा गच्चीवर नेऊन छोट्या एअर पंपाने तासभर बाहेरच्या हवेचे बुडबुडे सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा ०.२ किंवा त्याहून जास्त चढला, तर दोष खोलीतल्या हवेचा. शंका राहिली तर दुसरा पेला घरातच ठेवून त्यात खोलीतल्या हवेचे बुडबुडे सोडावेत. दोन पेल्यांतला फरक निकाल देतो. उपायही मग त्या जातीचा होतो : स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढणं, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणं, दिवसातून काही वेळ खोली मोकळी करणं. दोन्ही पेल्यांत आकडा हलला नाही आणि अल्कलिनिटी ६च्या खाली असेल, तरच पाण्यात काही घालण्याचा विचार करावा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पीएच खाली असला तर प्रवाळांना सांगाडा बांधणं जड जातं, महासागरांचं आम्लीकरण होतंय म्हणून जगभर चिंता आहे, मग टाकीत त्याकडे दुर्लक्ष कसं करायचं? दुर्लक्ष करा असं मी म्हणतच नाही. पीएच वाढवायचाच असेल तर वायू बाहेर काढून वाढवावा, क्षार भरून नव्हे. चुन्याची निवळी या कामी उत्तम, कारण ती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड धरते आणि प्रवाळ ज्या प्रमाणात वापरतात त्याच प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी देते. पण चुना शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा हवा. पानाच्या चुन्यात आणखी काय आहे हे कळायला मार्ग नाही. निवळीचा पीएच १२च्या वर असतो, त्यामुळे ती रात्री थेंबथेंबच सोडायची, आणि तीही उडालेल्या पाण्याच्या भरीपुरतीच. पावसाळ्यात पाणी कमी उडतं, म्हणजे निवळीला जागाही कमी उरते. म्हणूनच कोल्हापुरात जुलैचा पहिला उपाय मोकळी हवा हाच. शिवाय अमोनिया विसरू नये. पाण्यात थोडा अमोनिया असताना पीएच ७.८वरून ८.१वर नेला, तर त्यातला विषारी भाग जवळपास दुप्पट होतो. नव्या टाकीत पीएच वाढवणं हे माशांसाठी सरळसरळ घातक ठरू शकतं.

दुसरा आक्षेप असा : एवढा खटाटोप कशाला, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, सगळं सुरळीत राहील. पाणी बदलणं चांगलंच आहे, साठ लिटरच्या टाकीत ते बहुतेक क्षारांची झीज भरून काढतं. पण त्याची मर्यादा गणितात आहे. टाकीत दर आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट साठत असेल आणि आपण दहा टक्केच पाणी बदलत असू, तर नायट्रेट चढत चढत बदलाआधी ५०वर जाऊन थांबतं, कारण तिथेच दहा टक्के म्हणजे ५ होतात. त्या टाकीला खाद्य कमी करावं लागेल, मासे कमी करावे लागतील. बदलायचं पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. नळाला येणारं पाणी शिंगणापूर-बालिंग्याच्या उपशाचं असो की काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं, पिण्यासाठी शुद्ध केलेलं पाणी टाकीसाठी शुद्ध असतंच असं नाही. पंचगंगेवर आणि रंकाळ्यावर जलपर्णी ज्या नत्र-स्फुरदावर पोसते, त्याचा लहानसा अंशही काचेच्या टाकीत शेवाळाला पुरतो. म्हणून आरओचं पाणी घ्यावं, पण घरगुती यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळणारा भाग असेल तर त्याच्या आधीचं, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्याजवळ आलेलं.

मग समुद्राचंच पाणी का आणू नये? आंबा घाट उतरला की रत्नागिरी, फोंडा घाट उतरला की मालवण, अंतर काही फार नाही. कोरड्या दिवसांत, खाडीच्या मुखापासून आणि बंदरापासून दूर घेतलेलं पाणी वापरता येतं. पण पावसाळ्यात कोकणातल्या नद्या एवढं गोडं पाणी समुद्रात ओततात की किनाऱ्यालगतचा खारेपणा घसरतो; आणि बंद कॅनमध्ये तासन्‌तास राहिलेल्या पाण्यात प्लवक मरून अमोनिया तयार होऊ लागतो. मालवणच्या किनाऱ्याजवळचे प्रवाळ हे गढूळ, कमी खारं पाणी दर वर्षी सोसतात, हे खरं. पण त्यांच्याभोवती अख्खा समुद्र असतो आणि बदल दिवसांच्या गतीने येतो. साठ लिटरमध्ये तोच बदल एका बादलीने होतो.

मालवणचा उल्लेख आला म्हणून कायद्याचंही सांगायला हवं. तिथे १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, आणि २००१पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून त्यांचा तुकडाही आणता येत नाही, आणि तसं असणंच योग्य आहे. याचा पाण्याच्या रसायनाशीही थेट संबंध आहे, कारण मग आपल्या टाकीत राहतात ते मुख्यतः मऊ प्रवाळ. मश्रूम, झोअँथिड, लेदर असे मऊ प्रवाळ दगडी सांगाडा उभारत नाहीत, त्यांना कॅल्शियम फारच थोडं लागतं. दगडी प्रवाळांनी भरलेल्या टाक्यांसाठी बाटलीवर छापलेली रोजची मात्रा अशा टाकीत घातली, तर ती वापरणारं कुणीच नसतं. ती साठते आणि शेवटी हीटरवर बसते. मात्रा ठरवायची ती झीज मोजून. आज अल्कलिनिटी ८.२, काहीही न घालता तीन दिवसांनी ८.०, म्हणजे झीज अगदी थोडी आहे, आणि मात्राही तेवढीच लागेल.

या सगळ्याला एक अपवाद आहे, आणि तो स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. अमोनिया दिसला, किंवा वीज गेल्याने पंप बंद पडून मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागले, तर कारण शोधत बसू नये. बॅटरीवरचा एअर पंप लगेच लावावा. अमोनिया असेल तर तापमान आणि खारेपणा जुळवलेलं तीस ते पन्नास टक्के पाणी त्याच दिवशी बदलावं. जिथे तासांत जीव जातो तिथे आधी कृती, मग चौकशी. पीएच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांत मात्र असं काहीच तासांत होत नाही, आणि अल्कलिनिटीही दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये. आपल्या हातात वेळ आहे, आणि तो मोजण्यासाठी वापरणं हाच सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक उपाय. एक वही करावी, तीत तारीख, वेळ, तापमान, पीएच, खारेपणा, अल्कलिनिटी आणि खिडकी उघडी होती की बंद, एवढं लिहावं. दोन ऋतू ही वही चालली की आकडा खाली आल्यावर बाटली शोधायच्या आधी मागचं पान उलटलं जाईल. पुढच्या आठवड्यात याच वहीत पुढे जोडायच्या दोन रकान्यांकडे, नायट्रेट आणि फॉस्फेटकडे वळू, आणि ते शून्यावर आणण्याचा हट्टही का सोडावा ते पाहू.