गुप्तहेराची गाठ भुताशी

वाचकहो, भुताची गोष्ट कधी ऐकलीच नाही असा माणूस आपल्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. अंबड घ्या, परतूर घ्या, भोकरदन घ्या. रात्री शेतात जागलीला चार माणसे बसली, की पिंपळावरचा मुंजा आणि वाट चुकवणारा चकवा हटकून यायचाच. गुप्तहेराची गोष्ट मात्र आपल्याकडे आली ती छापील पुस्तकातून. या दोन गोष्टींचा स्वभाव अगदी उलटा. गुप्तहेर म्हणतो, प्रत्येक घटनेला कारण असते, ते मी शोधून दाखवीन. भूत म्हणते, कारण विचारू नका, मुकाट्याने भ्या! मग एकाच पुस्तकात या दोघांची गाठ घातली तर कोणाचा कायदा चालावा?

दोघांची ओळख आधी करून घेऊ. ब्रिटिश लेखक आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स १८८७ साली वाचकांपुढे आला. बोटावरचा डाग, बुटाचा चिखल, एवढ्यावरून तो माणूस ओळखी. पुढे दहा वर्षांनी, १८९७ साली, ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी निघाली. हा ड्रॅक्युला म्हणजे रात्री उठून जिवंत माणसाचे रक्त पिणारा मुडदा. दोन्ही घराणी मराठीत रुजली. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड ही नावे घरोघर नेली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा लोकप्रिय केली. त्यांची 'लुचाई' ही अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या कादंबरीवर बेतलेली. म्हणजे ड्रॅक्युलाचे भाऊबंद त्या वाटेने मराठी मुलखात उतरले, म्हणा ना!

होम्स आणि ड्रॅक्युला यांची समोरासमोर गाठ घातली ती मात्र नंतरच्या लेखकांनी. एकट्या १९७८ सालात अमेरिकेत अशा दोन कादंबऱ्या निघाल्या. एक लॉरेन एस्टलमन यांची, दुसरी फ्रेड सेबरहेगन यांची. असल्या पुस्तकात भूत खरेच असते. मग होम्सच्या बुद्धीला काम काय? तर भुतालाही तिथे नियम लावलेले असतात. बोलावल्याशिवाय त्याला परक्या घरात प्रथम पाऊल टाकता येत नाही, वाहते पाणी वाटेल तेव्हा ओलांडता येत नाही, निजायला मायदेशची मातीच लागते. मूळ 'ड्रॅक्युला'तसुद्धा त्याचे शत्रू मातीच्या पन्नास पेट्या कोणत्या गाडीवानाने कुठे पोचवल्या याचा माग काढीत जातात. हे गुप्तहेराचेच काम नव्हे का? नियम आला, की भुतावरही विचार करता येतो. या खेळाची गंमत आहे ती इथे.

पण स्वतः डॉयल यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मेलेल्यांचे आत्मे आपल्याशी बोलतात, असे हे गृहस्थ उतारवयात उघडपणे सांगत असत. तरी होम्सच्या कथेत त्यांनी खऱ्या भुताला पाऊल टाकू दिले नाही. १९०१–०२ साली आलेल्या बास्करव्हिलच्या कथेत माळावर रात्री एक राक्षसी कुत्रा झळकतो. शेवटी कळते, की कुत्रा हाडामांसाचाच, त्याच्या अंगाला फॉस्फरस चोपडलेला. १९२४ सालच्या एका कथेत तर एक परदेशी आई आपल्या तान्ह्याच्या मानेचे रक्त चोखताना दिसते. घरची माणसे म्हणतात, ही रक्तपिशाच! होम्स शोध घेतो. त्या बाळाला सावत्र भावाने मत्सरापोटी विषारी बाण टोचलेला असतो आणि आई ते विष चोखून काढीत असते. जिला मारेकरीण ठरवले, तीच वाचवणारी निघाली.

वाचकहो, ही गोष्ट काही विलायतेपुरती नाही. भानामती आपल्या मराठवाड्याला काय नवी आहे? घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. आणि बोट दाखवले जाते ते बहुधा एखाद्या एकट्या-दुकट्या बाईकडे. पण पांढरा फॉस्फरस उघड्या हवेत आपोआप पेट घेतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवतात, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको. बिब्ब्याचे तेल कातडी भाजते, हे तर आजीबाईही सांगेल. तेव्हा 'कोणी केले, कशाने केले' हे विचारायचे, ते बोट उठण्याच्या आधी. अमुक बाई करणी करते, मंत्राने गाईचे दूध आटवते, असे जाहीर करणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते.

मग भुताच्या गोष्टी बंद करायच्या की काय? मुळीच नाही! गुरुजी, बाई, वर्गात खुशाल सांगा. फक्त शेवटाच्या अलीकडे थांबा आणि मुलांना विचारा: प्रत्यक्ष पाहिले कोणी? ऐकीव किती? भूत नसते तर हे आणखी कशाने झाले असते? मुले भराभर उत्तरे देतील, आपसात वादही घालतील. मग शेवट सांगा. गोष्टीची गोडी त्याने तसूभर कमी होत नाही. आणि उद्या गावात कोणावर खरोखरच बोट उठले, तर हेच प्रश्न विचारणारे एखादे पोर तिथे उभे असेल.